टाकळवंडीचा उघडा खण

पुढे जे येते त्यातले काहीही सांगणाऱ्याने पाहिलेले नाही. मारुतीच्या देवळाचे गुरव भानुदास हे आधी स्पष्ट करतात आणि मगच पाहुण्यांना देवळामागच्या बरडावर घेऊन जातात. त्यांच्या वडिलांनी ते पाहिले नव्हते, आजोबांनीही नाही. आजोबांच्या आजीला सोजराबाई म्हातारपणी आठवत असे, असे घरात म्हणत. पण त्या आजीला अखेरच्या काळात पुष्कळ काही आठवे आणि त्यातले सगळेच घडलेले नव्हते. साल विचारणाऱ्याला भानुदास म्हणतात, "साल सांगतो की. पण मग बाकीच्यावर इस्वास ठेवू नका."

बरडावरून सारे गाव नजरेत येते. बालाघाटाच्या उतरणीला, ओढ्याच्या अलीकडे, माळवदाची घरे एकमेकांना खेटून बसलेली आहेत. मातीची सपाट छपरे जवळजवळ सलग दिसतात. जवळजवळ एवढ्यासाठी की प्रत्येक छपराच्या एका कडेला चौकोनी पोकळी आहे. तिथे भिंती आहेत, जमिनीत खांबांखालचे तळखडे आहेत, पण खांब नाहीत आणि छप्परही नाही. घर लहान असो वा मोठे, जुने असो वा गेल्या वर्षी बांधलेले, एक खण आभाळाकडे उघडा. त्यात जनावर बांधत नाहीत, सरपण रचत नाहीत. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला मात्र हरकत नाही. ही सूट कोणी आणि केव्हा दिली ते माहीत नाही. नवखा माणूस हमखास विचारतो, "घर पडलंय का?" त्यावर उत्तर मिळते, "पडलं न्हाई, दिलंय."

कोणाला दिले, याची हकीकत अशी सांगतात.

फार पूर्वी टाकळवंडीत शाळा नव्हती. गावाचा हिशेब शिवलिंगअप्पा वाणी करी आणि गाव त्यावर विश्वास ठेवी, कारण दुसरा इलाज नव्हता. अशात एका सुगीला त्र्यंबक पंतोजी नावाचा मनुष्य धूळपाटी काखेत मारून गावात आला. तो कोठून आला, यावर दोन मते आहेत. पण त्याची अट काय होती, यावर नाहीत. पंतोजी म्हणाला, "मी लेकरांना अक्षर आणि आकडा शिकवीन. वर्षाची ज्वारी गावाने मिळून द्यावी. कोणा एकाच्या दारात मी मागायला जाणार नाही."

अट रास्त होती, म्हणून गावकी चावडीवर बसली. ज्वारी कोणी किती द्यायची, एवढेच ठरवायचे होते आणि तेच ठरेना. लेकरामागे पट्टी बसवावी असे निघाले, तर दुसऱ्या दिवसापासून गल्लीत लेकरे दिसेनात. जो तो म्हणे, आमचे आजोळी गेले. औतामागे बसवावी असे कोणी सुचवले. सर्वांत जास्त औते पाटलांची होती, त्यामुळे तो विचार पुढे सरकला नाही. अखेर हणमंतराव पाटलानेच तोड काढली.

"लेकरू लपवता येतं," पाटील म्हणाला. "बैल पाव्हण्याकडं धाडता येतो. घर कुठं नेणार? घरावर बसवा."

घर मोजायचे कसे, हे गावाला ठाऊकच होते. खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे एक खण. माळवदाचे घर खणांतच सांगतात, पाच खणी, सात खणी. तेव्हा असे ठरले की दर पाडव्याला धोंडी सुताराने घरोघर फिरून खण मोजावेत आणि खणामागे दोन पायल्या ज्वारी अक्षय तृतीयेच्या आत चावडीवर यावी. जो देणार नाही त्याच्या दाराचे कवाड काढून चावडीला टेकवून ठेवावे, पट्टी फिटली की परत न्यावे. वेशीबाहेरच्या वस्तीकडून ही पट्टी घेत होते का, आणि तिथली लेकरे पंतोजीपुढे बसत होती का, याविषयी आख्यायिका काहीच बोलत नाही. मुलींविषयीही नाही. भानुदासांना हे विचारले तर ते म्हणतात, "जे सांगत आलेत तेवढंच मी सांगतो," आणि हे उत्तर प्रामाणिक आहे.

गावात पाटलांखालोखाल मोठे घर सोजराबाईचे होते. नऊ खणी. ते तिच्या सासऱ्याने बरकतीच्या वर्षांत बांधले. सागवान गोदेकाठाहून गाड्यांनी आणले, आणि चार मुलगे, चार सुना, नातवंडे यांचा अंदाज धरून खण टाकले. चारांतला एकच मुलगा जगला. तो सोजराबाईचा नवरा. पटकीच्या साथीत तोही गेला. मूलबाळ नव्हते. मग चार भावांसाठी बांधलेल्या घरात सोजराबाई एकटी राहू लागली. सकाळी झाडायला घेतले की शेवटच्या खणापर्यंत पोहोचेतो पहिल्यात धूळ बसलेली असे. जमीन होती ती मुरमाड, अर्धेलीने लावलेली. तिच्या वाट्याला जे येई ते एका बाईला पुरे, पण वर काही उरत नसे.

पहिल्या वर्षी तिने नऊ खणांची पट्टी मुकाट भरली. इतकेच नाही, तर तिला थोडा अभिमानही वाटला असे म्हणतात. चावडीवर पाटलांच्या नावामागून आपले नाव पुकारले गेले, ते तिने घरी येऊन रिकाम्या खणांना ऐकवले म्हणे. दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस चुकला. तिने पट्टी भरली आणि श्रावणापासून आंबिलीवर दिवस काढले. तिसऱ्या वर्षी कणगीत हात घातला तेव्हा हाताला तळ लागला. ती चावडीवर गेली.

"पाटील, माझ्या घरात खाणारं तोंड एक. शिकणारं एक बी न्हाई. मी कामून भरू?"

पाटील वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "नियम खणाचा हाय, सोजराबाई. आत कोण ऱ्हातं ते बघत बसलो तर मोजणी व्हायची न्हाई. आज तुला माफ केलं, तर उद्या पारावर बसलेला प्रत्येक जण रंडका अन् भुकेला निघंल."

"मग अप्पाचे तीनच खण कसे?"

शिवलिंगअप्पा तिथेच बसला होता. त्याचे घर तीन खणी होते हे खरे. पण त्याच्या वसरीखाली आणि परसात पेवे होती, जमिनीत खणलेली ज्वारीची कोठारे, आणि ती किती होती हे त्याच्या बायकोलाही नक्की ठाऊक नव्हते. तो हसून म्हणाला, "जमिनीखालचं देवाचं असतं, सोजराबाई."

"मग देवाला म्हणावं, दोन पायल्या वर काढ."

चावडी हसली. पाटीलही हसला. पण हसून पट्टी फिटत नाही, आणि सोजराबाई घरी निघाली तेव्हा मुदत तीच होती आणि कवाडही तेच. दाराला कवाड नसलेल्या घरात एकट्या बाईने राहायचे म्हणजे काय, हे चावडीवरच्या कोणाही पुरुषाला समजावून सांगण्यात अर्थ नाही, हे तिला कळत होते. मुदत संपेपर्यंत तिच्यापाशी काय शिल्लक होते? कणगीचा तळ, आणि नऊ खण.

हे पंतोजीच्या कानावर गेले. शाळा मारुतीच्या सभामंडपात भरे, आणि सोजराबाईचा ओटा तिथून हाकेच्या अंतरावर होता. तो तिच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. वर आला नाही.

"बाई, तुमच्या वाट्याची ज्वारी मला नको. मी तसे पाटलांना सांगितले."

"मग?"

"ते म्हणाले, एकाला सोडले तर कोणीच देणार नाही." पंतोजी पुढे म्हणाला, "मी जेवायला बसतो तेव्हा कोणाचे खातो, ते मला ठाऊक असते. एवढेच सांगायला आलो."

सोजराबाई म्हणाली, "ठाऊक हाय तर पोटभर खात जा, पंतोजी. दोघांतल्या एकाचं तरी भरू दे."

पाडवा जवळ आला तसे तिने धोंडी सुताराला बोलावले आणि दाराकडचे सहा खण दाखवले. हे सोडव, म्हणाली. धोंडीने हातातली ठोकायची मोगरी खाली ठेवली.

"उभं घर पाडत न्हाईत, माय. पाडणाऱ्याला बी लागतं ते."

"पाडायला कोण सांगतंय? सोड म्हणते. सासऱ्यानं जसं जोडलं तसं उलटं सोडवीत ये."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, सोजराचे तीन खण. तेवढंच म्हणू दे."

"अन् माझी मजुरी?"

"सहा खणांची माती तुझी. सासऱ्याच्या वेळची खारी हाय, शेतात टाक. सोनं येईल."

माळवदाची जुनी माती शेताला किती मानवते, हे धोंडीला सांगावे लागत नव्हते. त्याने आधी छपराची माती ओढली, मग तिच्याखाली अंथरलेल्या लाकडी किलचा काढल्या, मग त्यांना पेलणारे सर, मग तुळया. शेवटी खांबांची कुसे, म्हणजे खोबणीत बसलेली टोके, मोकळी केली. एक लाकूड मोडले नाही. सगळे सागवान दारासमोरच्या लिंबाखाली रचले गेले. सोजराबाई सारा वेळ उभी होती. तुळया उतरत गेल्या तसतसे घरात ऊन शिरत गेले, आणि लग्न होऊन आल्यापासून ज्या कोपऱ्यात तिने कधी ऊन पाहिले नव्हते तिथेही ते पोहोचले. ती रडली असे काही जण सांगतात. भानुदास हे सांगत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की घर मोकळे करताना धूळ फार उडते.

पाडव्याच्या दिवशी तिने उरलेल्या तीन खणांवर गुढी उभारली. पाटील आणि धोंडी मोजायला आले, मागून रिकामटेकडे गावही आले.

"मोजा," सोजराबाई म्हणाली.

धोंडीने खाली मान घालून मोजले. "तीन."

पाटलाने तीन खण पाहिले, सहा खणांचे तळखडे पाहिले, मग लिंबाखालची रास पाहिली. तो काही बोलणार तोच मागून कोणीतरी ओरडले, "पाटील, घर गेलं की हो लिंबाखाली!" आणि गर्दी खदखदली. नियम खणाचा होता. खाली निजलेल्या खांबांना खण नसतात. तीन खणांची पट्टी लागली. आणि तेवढी ज्वारी, पोटाला चिमटा घेऊन का होईना, सोजराबाईला देता येणार होती. कवाड वाचले.

गोष्ट इथे थांबली असती तर टाकळवंडी शेजारच्या गावांसारखीच राहिली असती. पण जे एका विधवेने निरुपायाने केले ते इतरांना युक्ती वाटली. गावातल्या शहाण्यांनी असा हिशेब केला की लिंबाखालचे खण मोजत नाहीत, तर आपलेही चार दिवस बाहेर का ठेवू नयेत? पट्टी वर्षाची आहे, खण पुन्हा चढवता येतो. पाच खणांच्या घराने एक सोडवला, सात खणांच्या घराने दोन. पाटलाच्या सख्ख्या भावाने सोडवला तेव्हा लाजही संपली. पाडव्याची मोजणी झाली होती, तरी पुन्हा मोजा म्हणून लोक चावडीवर येऊ लागले, आणि सोजराबाईला जो न्याय दिला तो इतरांना नाकारता येईना. गल्लोगल्ली मोगऱ्या वाजत होत्या. म्हणे, धोंडीला तेव्हा इतके काम होते की तो जेवायला घरी जात नसे. आणि धोंडीचे पाहून छपराची माती लोकांनी हौसेने शेतात नेऊन टाकली.

चूक तिथेच झाली. खण सोडवायला दिवस लागतो. चढवायचा तर पांढरी माती हवी, ती भिजवून, मळून, तुडवून, थरावर थर वाळवावी लागते. छपराची माती आता रानात पसरली होती, आणि मृग तोंडावर होता. हे पहिल्यांदा बायकांच्या ध्यानात आले. सागवान, बाभूळ, लिंब, साऱ्या गावाचे लाकूड गल्लीत उघड्यावर पडले होते. खाली वाळवी, वर ढग. आणि पट्टीची ज्वारी निम्म्याहून कमी झाली होती. पंतोजीला कोणी जा म्हटले नाही. त्याचे वर्ष निघत नाही, हे त्याला दिसत होते. अक्षय तृतीया झाली की निघतो, एवढेच तो बोलला.

लिंबाची सावली सभामंडपापेक्षा थंड असते. म्हणून शेवटचे काही दिवस पंतोजी लेकरांना सोजराबाईच्या दारासमोर घेऊन बसू लागला. लेकरे तिच्या तुळयांवर ओळीने बसत, पायाशी धूळपाट्या. तिला हे आवडले नाही. पण उठा म्हणायला ओट्यावर आली आणि तिथेच बसून राहिली. पाढे चालले होते. तेराच्या पाढ्यात पोरे अडखळली, एक म्हणाला, "तेरा सत्ते सत्त्याण्णव."

"एक्क्याण्णव," सोजराबाई म्हणाली.

सगळी तोंडे तिच्याकडे वळली. पंतोजीही वळला. "बरोबर आहे. बाई, आपण कुठे शिकलात?"

"कुठं शिकणार? तुम्ही तिथं वरडता, वारा माझ्या दाराकडं येतो. कानात बोळे घालू का?"

पोरे हसली. सोजराबाई उठून आत गेली. आपल्या घरात शिकणारे एकही नाही, असे ती चावडीवर म्हणाली होती. त्या दिवसानंतर ते वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकले नाही.

अक्षय तृतीयेला गाव चावडीवर जमले. लोक आपापली घटलेली ज्वारी घेऊन आले होते आणि एकमेकांकडे पाहत नव्हते. पंतोजीचे गाठोडे देवळाच्या पायरीवर बांधून ठेवलेले दिसत होते. सोजराबाईने तीन खणांच्या सहा पायल्या मोजून घातल्या. मग ती बाजूला झाली नाही.

"माझं लाकूड लिंबाखाली हाय," ती म्हणाली. "ते शाळेला घ्या. छप्पर करा. पावसात लेकरं देवळात दाटून बसतात, ती बसायची न्हाईत. ज्यानं ज्यानं खण सोडला त्यानं बी आणून टाकावा. घरावर तर तो आता चढत न्हाई. माती कुठं हाय? अन् एकदा खण शाळेचा झाला की घरातली त्याची जागा उघडीच ठेवायची. झाकायची न्हाई."

लाकूड वाळवीला जाण्यापेक्षा शाळेला गेलेले बरे, हे सगळ्यांना पटण्यासारखे होते. तोटा झाकण्याला दान म्हणता येत होते. पाटील म्हणाला, "लाकडाची शाळा होईल. पंतोजी काय लाकूड खाईल?"

"त्येच सांगते. पट्टी उरलेल्या खणांची, अन् पेवांची. एक पेव, एक खण."

आता चावडी जागी झाली. शिवलिंगअप्पा उठून उभा राहिला. "जमिनीखाली कोण बघायला जाणार? माझ्या घरात कुदळ घालणार का?"

"कशाला घालायची? पेव उघडलं की आतली वाफ जाईस्तोवर तू माणसं लांब उभी करतोस, अप्पा. साऱ्या गल्लीला वास येतो. गाव आंधळं असंल, नाक हाय ना त्याला?"

हसण्याचा असा लोट उठला की अप्पा खाली बसला. पाटील मात्र हसला नाही, कारण त्याच्या परसातही पेवे होती आणि ती कोणाच्या नाकावरून चुकली नसतील, हे त्याला त्या क्षणी कळले. तो सावकाश म्हणाला, "अन् गावानं न्हाई म्हटलं तर, सोजराबाई?"

"तर राहिलेले तीन बी सोडते. मी निजेन लिंबाखाली. मग मोजा मला."

ही धमकी होती की नुसताच थकवा, हे सांगता येणार नाही. पण जिने सहा सोडले ती तीनही सोडील, याबद्दल कोणालाही शंका नव्हती. आणि गावातली निराधार बाई शाळेच्या पट्टीपायी झाडाखाली निजली, असे पंचक्रोशीत झाले असते तर टाकळवंडीला सोयरीक मिळाली नसती. पाटलाने चावडीवर नजर फिरवली. पेव असलेली माणसे थोडी होती आणि नसलेली पुष्कळ. तो म्हणाला, "एक पेव, एक खण." पंतोजीने देवळाच्या पायरीवर जाऊन गाठोडे सोडले.

त्यानंतर एक चमत्कार झाला असे सांगतात, आणि तो टाळून पुढे गेलेले गावाला चालत नाही. सोजराबाईची मधली तुळई उचलायला गडी लागले, पण ती जागची हलेना. आणखी गडी आले, हलेना. तेव्हा कोणी म्हणाले, अप्पाने खांदा दिल्याशिवाय ती उठणार नाही. शिवलिंगअप्पा अंगरखा काढून आला, त्याने खांदा लावला, आणि तुळई फुलासारखी उठली. भानुदास हे सांगतात, आणि पाहुणे माना डोलावू लागले की जोडतात, "खाली दगड अडकला असंल. अप्पानं दुसऱ्या बाजूनं धरली, इतकंच." गावात ही जोड कोणालाच पसंत नाही.

मृगाच्या आत शाळा उभी राहिली. सागाचा खण, त्याला लागून बाभळीचा, मग लिंबाचा. उंची एकसारखी नाही, तुळयांची जाडी एकसारखी नाही. सोजराबाई पुढे पुष्कळ वर्षे तीन खणांत राहिली आणि तीन खणांची पट्टी भरत राहिली. तिला कोणी माफी दिली नाही आणि तिने मागितलीही नाही. तिच्या मागे घर कोणाकडे गेले, याबद्दल तीन कुटुंबे तीन गोष्टी सांगतात.

आजही टाकळवंडीत घर बांधणारा आधी शाळेला एक खण देतो आणि मग आपल्या घराचा एक खण उघडा ठेवतो. मास्तरांचा पगार आता सरकार देते; शाळा जिल्हा परिषदेची आहे; घरपट्टी ग्रामपंचायत घेते आणि ती खणांवर नसते. तरीही शाळेची ती जुनी वसरी वाढत गेली आहे. अलीकडचे खण लोखंडी नळांचे आणि सिमेंटचे आहेत, कारण घरेही तशीच होऊ लागली. स्लॅबच्या घरातसुद्धा एक चौकोन मोकळा सोडतात. काही वर्षांपूर्वी एकाने आपल्या उघड्या खणावर पत्रा टाकला. त्याच्याशी कोणी भांडले नाही. फक्त जेवणावळींची आवतणे त्याच्या दारावरून पुढे जाऊ लागली. दिवाळीपर्यंत पत्रा उतरला. पेवे बुजली, आणि ज्वारी तर शेतांतूनच कमी झाली, पण कोणाचे उत्पन्न डोळ्यांआड आहे आणि कोणाचे नाही, यावर ग्रामसभेत दरवर्षी वाद होतो.

शाळेच्या पश्चिमेकडच्या टोकाला सोजराबाईचे सहा खण उभे आहेत. त्यांच्या खांबांच्या पायथ्याशी पटाशीने कोरलेल्या रेघा दिसतात, पहिल्या ओळीवर एक, दुसरीवर दोन, अशा. जे लाकूड सोडवून पुन्हा तसेच जोडायचे असते त्याच्यावर सुतार अशी खूण करतो. रेघा धोंडीच्या आहेत, यावर गावाचे दुमत नाही. वाद एवढाच आहे की त्या केव्हा कोरल्या. शाळा उभारताना कोरल्या असतील, तर त्या फक्त सुताराची सोय आहेत. सोजराबाईच्या दारात घर सोडवतानाच कोरल्या असतील, तर तेव्हा तिचा बेत मोजणी उरकल्यावर खण परत चढवायचा होता. दान नंतर सुचले. भानुदासांनी एका जाणत्या सुताराला शाळेत आणून रेघा दाखवल्या. तो बराच वेळ खाली वाकून पाहत होता. रेघा हात बसलेल्या माणसाच्या आहेत, असे तो म्हणाला. कधीच्या, ते त्याला सांगता आले नाही.